वाचा गेल्यावरचा संवाद

१८६१ सालच्या एप्रिल महिन्यात पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे पायाच्या गंभीर संसर्गासाठी एक रुग्ण आणण्यात आला. हा गृहस्थ कित्येक वर्षे त्याच रुग्णालयात राहत होता आणि काहीही विचारले तरी त्याच्या तोंडून 'तां, तां' एवढेच निघत असे. तुम्ही येथे किती वर्षे आहात, असे ब्रोकांनी विचारले तेव्हा त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट वर केले. एकवीस. उत्तर अचूक होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न केला, तेच उत्तर आले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र हा डॉक्टर आपली परीक्षा घेतो आहे हे त्याने ओळखले आणि चिडून एक सणसणीत शिवी हासडली, जी इतर वेळी प्रयत्न करूनही त्याला उच्चारता आली नसती. काही दिवसांत तो वारला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग नष्ट झालेला आढळला. त्या भागाला आज ब्रोकांचे नाव आहे.

तो भाग आपण साऱ्यांनीच विद्यार्थिदशेत पाठ केला आहे. चार वेळा उघडलेला तो पंजा मात्र पाठ्यपुस्तकात राहिला नाही. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाला मदत करावयाची तर त्या पंजापासूनच सुरुवात करावी लागते. त्या रुग्णापाशी सांगावयाचे होते, विचार शाबूत होता आणि एक हातही चालत होता. विचारणारा थांबला, म्हणून उत्तर मिळाले.

बालरोगतज्ज्ञाने प्रौढांच्या या आजारावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण न बोलता येणाऱ्या माणसाशी बोलण्याची जी साधने आज उपलब्ध आहेत, त्यांतील बरीचशी मुलांसाठी म्हणून जन्मली. चार्ल्स ब्लिस या गृहस्थांनी सर्व जगाची एक चिन्हलिपी असावी या भव्य कल्पनेने एक पद्धत रचून १९४९ साली प्रसिद्ध केली. जगाने तिच्याकडे पाठ फिरवली. १९७१ मध्ये टोरांटोच्या एका केंद्रातील शिक्षकांच्या हाती ती लागली आणि सेरेब्रल पाल्सीमुळे ज्यांना बोलता येत नव्हते अशी मुले त्या चिन्हांवर बोट ठेवून वाक्ये करू लागली. आपल्याकडे मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटीची स्थापना केली. त्यांची कन्या मालिनी छिब यांनी एका बोटाने टंकलेखन करीत आपले आत्मकथन लिहिले. ही परंपरा बालरोगतज्ज्ञांना परिचयाची असते. त्यामुळे एखाद्या बाळाला तपासताना सोबत आलेले आजोबा पक्षाघातानंतर कोपऱ्यात मुके बसलेले दिसले, की मला राहून राहून वाटते, नातवाच्या वयाच्या मुलाला आपण जो फळा देऊ तो यांना कोणीच कसा दिला नाही?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'बाबांची वाचा गेली' या एका वाक्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि त्या वेगळ्या न करताच साधन विकत घेतले तर ते कपाटात जाऊन पडते. पहिल्या प्रकारात जीभ, ओठ, टाळू यांचे स्नायू दुर्बळ होतात. शब्द मनात पूर्ण तयार असतो, तो बाहेर पडताना अडखळतो. दुसऱ्यात स्नायू ठीक असतात, पण उच्चारांची जुळणी करणारी मेंदूची आज्ञा चुकते. रुग्ण एकच शब्द दर वेळी निराळा चुकवतो आणि चुकला हे त्याला कळते. तिसरा प्रकार वाचाघाताचा. तेथे भाषाच जखमी झालेली असते. शब्द सापडत नाहीत, किंवा ऐकलेले उमगत नाही, आणि लिहिण्या-वाचण्यावरही तोच घाव पडलेला असतो. तीव्र पक्षाघाताच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत आरंभी हा वाचाघात आढळतो. अनेकांत हे प्रकार एकत्रही नांदतात.

वाचाघाताच्या रुग्णाला घरचे लोक पाटी-पेन्सिल देतात, त्याला लिहिता येत नाही, आणि मग 'बुद्धीच गेली' असा निष्कर्ष निघतो. उलटही घडते. ज्यांना तहान लागली हे सांगता येत नाही, ते संध्याकाळी दिवा लागल्यावर रामरक्षा सलग म्हणतात, एक ते वीस आकडे न चुकता मोजतात. घरच्यांना वाटते, म्हणजे बोलता येते, हा हट्टीपणा आहे. तसे नसते. पाठांतर, गाणे, मोजणी, शिव्या ही वाणी मेंदूत निराळ्या वाटेने येते. बिसेत्रच्या त्या रुग्णाची शिवी याच वाटेने आली. हे घरच्यांना समजावून सांगण्यास पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांनी कित्येक वृद्धांचा छळ टळेल, असे माझे मत आहे.

भाषा शाबूत आणि तोंड बंद, या अवस्थेचे टोक म्हणजे मेंदूच्या देठातील पक्षाघात. फ्रान्समधील 'एल' मासिकाचे संपादक जाँ-दोमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये तो झाला. सारे शरीर निश्चल झाले. डावी पापणी तेवढी हलत होती. फ्रेंच भाषेत अधिक वापरली जाणारी अक्षरे आधी येतील अशी वर्णमाला करून समोरची व्यक्ती एकेक अक्षर उच्चारी आणि हवे ते अक्षर आले की बोबी पापणी मिटत. एका शब्दास सरासरी दोन मिनिटे. याच रीतीने त्यांनी एक पुस्तक सांगितले. ते मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच ते निवर्तले.

रोमन लिपीत अक्षरांचा क्रम असा नव्याने लावावा लागतो. आपली वर्णमाला मात्र मुळातच कोष्टक आहे, याचा फायदा आपण क्वचितच घेतो. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य-र-ल-व आणि शेवटी श-ष-स-ह-ळ अशा सात ओळी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. खाली स्वरांची एक ओळ: अ, आ, मग इ-ई एकत्र, उ-ऊ एकत्र, ए, ऐ, ओ, औ आणि अनुस्वार. विचारणाऱ्याने आधी ओळ विचारायची, मग त्या ओळीतील अक्षर, मग स्वर. 'पाणी' हा शब्द घ्या. प पाचव्या ओळीतील पहिला, म्हणजे सहा प्रश्न, आकार दुसरा, दोन प्रश्न, ण तिसऱ्या ओळीतील पाचवा, आठ प्रश्न, ईकार तीन. एकूण एकोणीस. हीच व्यंजने क पासून एकामागून एक म्हणत गेलो तर एक्केचाळीस प्रश्न होतात. जोडाक्षरे सोडून द्यावीत, ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह धरू नये. येथे शुद्धलेखनाचे गुण नाहीत. आणि 'पा' एवढ्यावरच, म्हणजे आठ प्रश्नांनंतर, 'पाणी का?' असे विचारावे. पण विचारावे, ठरवून टाकू नये. त्यांना पाय दुखतो हे सांगायचे असेल तर तोंडाशी आलेला पेला त्यांना नाकारताही येत नाही.

ज्याचा हात थोडाफार चालतो, त्याच्यासाठी आता साधा फोन पुरतो. मराठीत टंकलेले वाचून दाखविणारा आवाज अँड्रॉइड फोनमध्ये मिळतो. हात अजिबात चालत नसेल तर नजरेचा माग घेऊन पडद्यावरील अक्षर निवडणारी यंत्रे आहेत. ती उत्तम आहेत आणि महागही. त्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर कोपऱ्यांत अक्षरगट लिहून तो दोघांच्या मध्ये धरावा आणि पलीकडून रुग्णाची नजर कोठे जाते ते पाहावे. त्याला वीज लागत नाही.

वाचाघातात हे काहीच चालत नाही, कारण अक्षरे जुळविणे हेच तेथे हरवलेले असते. येथे चित्रे, छायाचित्रे, खाणाखुणा, नकाशा, दिनदर्शिका, मोठ्या अक्षरांतील दोन-तीन शब्दांतून निवड, अशी सरमिसळ लागते. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी २०१० च्या सुमारास तयार केलेले 'आवाज' आणि मुंबईच्या आयआयटीतील रवी पूवय्या यांच्या गटाने विकसित केलेले 'जेलो' ही दोन भारतीय साधने या क्षेत्रात परिचित आहेत. 'जेलो' विनामूल्य आहे आणि मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवले की फोन बोलतो. आवडते, नको, आणखी अशी भावदर्शक बटणेही बाजूस असतात. परंतु दोन्ही मूलतः मुलांसाठी घडविली गेली आणि ते त्यांच्या चित्रांत दिसते. ज्या गृहस्थाने चाळीस वर्षे वकिली केली त्याच्यासमोर फुगा आणि चेंडू ठेवला, तर तो फोन भिरकावून देईल आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला हवीत त्याच्या घरची छायाचित्रे: त्याची खुर्ची, त्याचा चहाचा कप, बँकेचे पासबुक, मुलगी, जावई, गल्लीच्या तोंडाशी असलेले औषधाचे दुकान. सुट्या वस्तूंपेक्षा प्रसंगाचे छायाचित्र अधिक उपयोगी पडते. मुंजीच्या एकाच छायाचित्रात माणसे, नाती, जेवण, रुसवे असे सारे असते आणि त्यावर बोट फिरवीत गप्पा होऊ शकतात. पाणी, संडास, दुखते आहे, एवढेच सांगता येणे याला मी संवाद म्हणत नाही.

आणि साधनापेक्षा समोरच्या माणसाचे वळण बदलणे अधिक कठीण आहे. टोरांटो येथील ऑरा केगन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचाघाताच्या रुग्णांना काहीच शिकविले नाही. त्यांच्याशी बोलणाऱ्या स्वयंसेवकांना शिकविले. वीस जणांना प्रशिक्षण दिले, वीस जणांना केवळ रुग्णांचा सहवास मिळाला. प्रशिक्षित गटाशी बोलताना रुग्णांचे संवादकौशल्य सुधारलेले दिसले. शिकविले होते ते साधेच: तुम्हाला सारे कळते हे मला ठाऊक आहे, असे स्पष्ट म्हणणे, एका वेळी एकच विषय, बोलताना मुख्य शब्द कागदावर लिहिणे, आणि शेवटी, मी समजलो ते बरोबर आहे ना, हे पडताळणे. या पडताळणीत आपल्या हैदराबादेत एक खास अडचण आहे. मान हलविण्याच्या येथे इतक्या तऱ्हा आहेत की होकार कोणता आणि नकार कोणता हे धडधाकट माणसांतही कळत नाही. त्यात वाचाघाताचा रुग्ण 'नाही' म्हणावयाचे असता 'हो' म्हणून जातो. म्हणून हिरवी बरोबरची खूण आणि लाल फुली कागदावर काढून बोट ठेवून घ्यावे, आणि उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असे चार प्रश्न विचारून त्या होकाराचा भरवसा किती ते ठरवावे.

घरोघरी एक भीती मात्र हमखास ऐकू येते: हातात यंत्र दिले तर बोलण्याचा प्रयत्नच थांबेल. मुलांच्या आईवडिलांना मी हेच उत्तर देत आलो आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली विकासात्मक अपंगत्व असलेल्यांवरील अभ्यासांचा आढावा घेतला. ज्या सत्तावीस जणांविषयी पुरावा सर्वांत भक्कम होता त्यांत पर्यायी साधनांमुळे एकाचेही बोलणे घटले नव्हते आणि ८९ टक्क्यांत ते वाढले होते. ही आकडेवारी पक्षाघाताची नव्हे, हे मान्य. पण वाक्‌-उपचार आणि संवादफळा हे एकमेकांचे वैरी नाहीत. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू व्हावेत. वाचाघातात सर्वांत वेगाने होणारी सुधारणा पहिल्या काही महिन्यांतली असते आणि तेच महिने आपण 'बघू, येईल हळूहळू' म्हणण्यात घालवितो.

भाषेचा प्रश्न येथे येतो आणि तो विशेषतः आपल्यासारख्यांचा आहे. आमच्या पिढीच्या आधीची हैदराबादी मराठी माणसे घरी मराठी, बाजारात तेलुगू व दखनी, कचेरीत इंग्रजी अशी जगली. त्यांतील ज्येष्ठांचे शालेय शिक्षण तर निजामी राजवटीत उर्दूतून झाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच उर्दू होते. अशा माणसाला पक्षाघात झाला तर कोणती भाषा आधी परतेल? फ्रेंच विद्वान रिबो यांचे १८८१ मधील मत असे की सर्वांत आधी शिकलेली. पित्र यांनी १८९५ मध्ये म्हटले की आजारापूर्वी सर्वाधिक वापरात असलेली. प्रत्यक्षात दोन्ही नियम अधूनमधून खोटे ठरतात आणि पुष्कळदा साऱ्या भाषा बरोबरच सुधारतात. आपल्या शहरातील निम्स या संस्थेत सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०८ रुग्णांचा अभ्यास करून २०१६ मध्ये दाखवून दिले की पक्षाघातानंतर बोधक्षमता सुरळीत राहिलेल्यांचे प्रमाण एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के होते, तर एकच भाषा बोलणाऱ्यांत १९.६ टक्के. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र फरक आढळला नाही. अनेक भाषा येणे हे वाचाघाताविरुद्धचे कवच नाही.

माझ्या एका बालरुग्णाच्या पणजोबांची तपासणी इंग्रजी आणि तेलुगूत झाली होती. 'काहीही आकलन नाही' असा शेरा घेऊन ते घरी आले. घरात मराठी फळा केला, तोही फारसा चालला नाही. एके दिवशी सुनेने पाहिले की समोर पडलेल्या उर्दू वर्तमानपत्राच्या मथळ्यांवरून त्यांचे बोट उजवीकडून डावीकडे, सावकाश, योग्य ठिकाणी थांबत फिरते आहे. घरात उर्दू वाचणारे दुसरे कोणी उरले नव्हते. शेजारच्या एका मुलीने वीस शब्द लिहून दिले, खाली सुनेने त्यांचे मराठी लिहिले, आणि त्या दुलिपी फळ्यावर त्यांचे पुढचे दिवस निभावले. प्रत्येक घरी असे होईल असे मी म्हणत नाही. पण तपासणी कोणत्या भाषांत झाली आणि कोणत्या राहिल्या, हे केसपेपरवर लिहिण्यास एक ओळ पुरते.

वृत्तपत्रांत मेंदूतील विचार वाचणाऱ्या यंत्रांच्या बातम्या येतात आणि रुग्णांचे नातलग कात्रणे घेऊन येतात. खरे काय ते थोडक्यात सांगतो. सॅन फ्रान्सिस्को येथील एडवर्ड चँग यांच्या गटाने २०२१ मध्ये, मेंदूच्या देठाच्या पक्षाघाताने वाचा गेलेल्या एका पुरुषाच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवून पन्नास शब्दांचा संच ओळखून दाखविला. २०२३ मध्ये याच गटाने एका महिलेच्या मेंदूवर २५३ इलेक्ट्रोड बसविले; बोलण्याच्या प्रयत्नातून मिनिटाला सुमारे ७८ शब्द पडद्यावर उमटले, चारांतील एक शब्द चुकत होता. तिच्या विवाहप्रसंगीच्या ध्वनिमुद्रणावरून तिचाच आवाज घडविण्यात आला. २०२५ मधील त्यांच्या पुढच्या निबंधात प्रयत्न आणि आवाज यांतील विलंब सुमारे आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आसपास आणल्याची नोंद आहे. काम थोर आहे, पण ते अजून प्रयोगशाळेतले आहे, आणि ज्यांची भाषा शाबूत असून तोंड बंद आहे त्यांच्यासाठी आहे. वाचाघाताच्या रुग्णाच्या नातलगांस त्या कात्रणावर आशा बांधू देऊ नये. त्यातून घेण्यासारखे एक काम आहे: घरातील ज्येष्ठांचे बोलणे आजच फोनवर साठवून ठेवावे.

आता रुग्णालयात काय करता येईल ते. पक्षाघाताचा रुग्ण दाखल होतो तेव्हा चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी पिशवीत बांधून नातलगांच्या हाती दिली जाते. न ऐकणाऱ्या, न दिसणाऱ्या, बोळक्या तोंडाच्या माणसाच्या वाचेचे मूल्यमापन मग सुरू होते. गिळण्याची तपासणी झाली आणि धोका नाही असे ठरले की या तिन्ही वस्तू परत द्याव्यात. चष्मा आणि श्रवणयंत्र तर त्याही आधी. बोलावण्याची घंटा चालत्या हाताशी ठेवावी. मेंदूच्या डाव्या बाजूस इजा असेल तर उजवीकडचे अर्धे दृश्य अनेकदा दिसत नाही, तेव्हा फळा डावीकडे धरावा. घरी पाठविण्याच्या कागदांत औषधांच्या यादीखाली दोन ओळी असाव्यात: रुग्णाला कळते किती, आणि तो 'हो-नाही' कसे सांगतो. खाटेच्या डोक्याशी तेच मोठ्या अक्षरांत लावले तर रात्रपाळीची परिचारिकाही वाचील.

कायद्याची एक तरतूद अनेक डॉक्टरांच्याही लक्षात नसते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात वाचा व भाषा यांचे अपंगत्व हा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा नामनिर्देश आहे. हातपाय सुधारले म्हणून प्रमाणपत्र नाकारता येत नाही. वाचाघात कायमस्वरूपी ठरला तर केवळ त्यावर ते मिळू शकते, आणि चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरले तर सवलती लागू होतात. सिकंदराबादला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. वाचादोषांची तपासणी व उपचार तेथे होतात. तेथे जाताना रुग्णासोबत त्याची मराठी, आणि असेल तर उर्दू, बोलणारे माणूस न्यावे, आणि घरच्या छायाचित्रांचे पाकीटही.